नेमबाजाची दुर्बीण

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर स्वप्नील कुसाळेनं ४५१.४ गुण नोंदवून ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. स्वप्नील कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणलं, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. साहजिकच घाटाखाली रत्नागिरीतही मुलामुलींच्या मनात नेमबाजी शिरली. त्यांच्या पालकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, की रायफलीवर दुर्बीण कोणती बसवायची आणि ती किती पटीची घ्यायची.

स्वप्नीलच्या रायफलीवर दुर्बीण नव्हतीच. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत बंदुकीवर भिंग असलेलं कोणतंही साधन चालत नाही. मागच्या बाजूला बारीक भोक असलेली तबकडी आणि पुढे नळीच्या टोकाशी एक कडं, एवढ्यावर नेम धरायचा. या जोडीला नेमबाज पीप साइट म्हणतात. बारीक भोकातून पाहिलं की जवळचं कडं आणि लांबचं लक्ष्य ही दोन्ही डोळ्याला पुरेशी स्पष्ट दिसतात. ५० मीटरवरच्या लक्ष्याचा काळा गोल ११२.४ मिलिमीटरचा असतो आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं. ते वर्तुळ नेमबाजाला रायफलीमागून दिसतच नाही. त्याला दिसतो फक्त काळा ठिपका. तो ठिपका कड्याच्या बरोबर मधोमध ठेवणं हेच त्याचं काम. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोन प्रकारात सुवर्ण जिंकलं, तेव्हा ६०० पैकी ५९७ गुण मिळवले होते. साठ गोळ्यांत केवळ तीन गुण गेले, आणि तेही रायफलीवर एकही भिंग नसताना.

हे आधी सांगायचं कारण असं की दुर्बीण निवडताना होणारी सगळी गफलत एका समजुतीतून येते. जितकं मोठं दिसेल तितका नेम अचूक, अशी ती समजूत. लक्ष्य मोठं दिसतं तेव्हा हाताचं थरथरणं आणि श्वासाची वरखालीही तितकीच मोठी दिसते. नवखा मग त्या हलत्या चित्राच्या मागे धावतो आणि बरोबर क्षण आला असं वाटून घोडा झटक्यात ओढतो.

मग काच कुठे लागते? नेमबाजाच्या बाजूला, तिपाईवर. ५० आणि ३०० मीटरच्या प्रकारांत रायफलीला न जोडलेली दुर्बीण वापरायला नियम परवानगी देतात, गोळी कुठे लागली ते पाहण्यासाठी आणि वारा ओळखण्यासाठी. आता इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांमुळे पहिलं काम शेजारचा पडदाच करतो. दुसरं काम मात्र अजून काचेचंच आहे. पॉइंट टू टू ची छोटी गोळी तशी संथ असते. बाजूनं आलेली बऱ्यापैकी झुळूक तिला दहाच्या वर्तुळाबाहेर सहज ढकलते.

वारा दिसतो तो तापलेल्या हवेच्या लहरीतून. नेमबाज तिला मिराज म्हणतात. रत्नागिरीच्या माणसाला ती वेगळी दाखवावी लागत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात किंवा एप्रिल-मे महिन्यांत सड्यावर उभं राहून कातळाच्या पातळीवरून लांब नजर टाका, पलीकडची गडग्याची रेघ पाण्यात असल्यासारखी हलताना दिसेल. दुर्बिणीतून पाहिलं की या लहरींना दिशा असते. त्या डावीकडून उजवीकडे वाहत असल्या तर वाराही तसाच आहे. त्या सरळ वर उकळत असल्या तर वारा पडलाय, किंवा थेट समोरून वा मागून येतोय. ही लहर नीट वाचायची तर दुर्बिणीचा फोकस लक्ष्याच्या थोडा अलीकडे आणावा लागतो. ६० पटीवर नेलं तर सगळं चित्रच खिरीसारखं होतं आणि काही कळत नाही. २० ते ३० पटींत काम उत्तम होतं. त्यामुळे २० ते ६० पटीची दुर्बीण विकत घेतली तरी तिचा वरचा अर्धा भाग आपल्या कातळावर दुपारी निरुपयोगी असतो. तिच्या पुढच्या भिंगाचा व्यास आणि काचेचा दर्जा यांवर पैसे घालावेत, पटीवर घालू नयेत.

आता रायफलीवरच्या दुर्बिणीकडे, म्हणजे स्कोपकडे येऊ. जगात जिथे हजार मीटरपर्यंतची नेमबाजी चालते तिथे ती लागते, आणि तिचं शास्त्र खरोखर सुंदर आहे. त्या अंतरावर पॉइंट थ्री झीरो एटसारखी नावाजलेली गोळीसुद्धा दहा मीटरहून जास्त खाली येते. म्हणजे स्कोपचं खरं काम मोठं दाखवण्यापेक्षा मोजून कोन देण्याचं आहे. वरची फिरकी एक टिचकी फिरवली की नेम ठरावीक कोनानं सरकतो. मिल पद्धतीच्या स्कोपमध्ये एक टिचकी १०० मीटरवर १ सेंटिमीटर, हजार मीटरवर १० सेंटिमीटर. मिनिट पद्धतीत पाव मिनिटाची टिचकी १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर. दोन्ही पद्धती सारख्याच चांगल्या. फक्त आतल्या रेघा एका मापाच्या आणि फिरकी दुसऱ्या मापाची असा स्कोप घेऊ नये.

फिरकी खरं बोलते का, हे तपासणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. स्कोप घट्ट शिकंज्यात बसवायचा, १०० मीटरवर मापाच्या रेघा आखलेला कागद लावायचा आणि फिरकी वर, उजवीकडे, खाली, डावीकडे समान टिचक्यांनी फिरवायची. मधली खूण निघाल्या जागी परत आली पाहिजे, आणि प्रत्येक बाजू जितकी सांगितली तितकी भरली पाहिजे. जो स्कोप या परीक्षेत चुकतो त्याची काच कितीही झगझगीत असली तरी लांबच्या नेमबाजीला तो उपयोगाचा नाही.

प्रकाशाचा हिशेब सोपा आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या जाडीचा प्रकाशझोत डोळ्याकडे येतो. ५० मिलिमीटरचं भिंग १० पटीवर ५ मिलिमीटरचा झोत देतं, २५ पटीवर २ मिलिमीटरचा. भर दुपारी आपली बाहुलीही दोन-तीन मिलिमीटरच असते, तेव्हा दोन्ही चालतात. पावसाळी संध्याकाळी मात्र २५ पटीवरचं चित्र मलूल होतं.

पॅरॅलॅक्सकडे नवखे दुर्लक्ष करतात. लक्ष्याची प्रतिमा आणि आतल्या रेघा एकाच पातळीवर नसल्या, तर डोळा किंचित हलला की खूण लक्ष्यावरून सरकते. लांबच्या कामाच्या स्कोपला यासाठी डावीकडे वेगळी फिरकी असते. रायफल टेकवून डोकं हळूच वरखाली करून पाहावं. खूण जागची हलत नाही तोवर ती फिरकी जुळवावी. रेघा पटीबरोबर लहानमोठ्या होणाऱ्या स्कोपमध्ये त्यांचं माप कुठल्याही पटीवर खरं राहतं. रेघा कायम सारख्या दिसणाऱ्या स्कोपमध्ये ते एकाच पटीवर खरं असतं. अंतरं बदलत असतील तर पहिला प्रकार, ठरलेल्या अंतरावर कागदी लक्ष्य असेल तर दुसरा, कारण त्याच्या रेघा बारीक राहतात.

आपल्या जिल्ह्यात एक चाचणी आणखी हवी. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारा वारा असतो. दमट कपाटात ठेवलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि ती कोटिंग खाते. नळीत नायट्रोजन भरून सीलबंद केलेली दुर्बीणच घ्यावी. जुनी घेत असाल तर पुढून बारीक टॉर्च मारून मागून तिरकं पाहावं. बुरशीचे तंतू लगेच उठून दिसतात. वापरून झालं की ओली दुर्बीण कातडी पेटीत कोंबू नये. पुसून, वाळवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी, आणि पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तापवून पुन्हा कोरड्या कराव्यात.

घरच्यांना काळजी असते ती कायद्याची, आणि ती योग्यच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार पॉइंट वन सेव्हन सेव्हन मापाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. त्यापुढच्या रायफलीला १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना हवा. वन्यप्राण्यांवर नेम धरण्याची मुभा यातली कुठलीच गोष्ट देत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे.

म्हणून शिकणाऱ्या मुलाच्या घरी खर्चाचा क्रम मी असा सांगते. आधी १० मीटरची एअर रायफल, तिची चांगली पीप साइट आणि अंगाला बसणारं जॅकेट. त्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तरी तिथे दुर्बीण लागत नाही. ५० मीटरवर पोचल्यावर ६० किंवा ८० मिलिमीटर भिंगाची, तिरक्या डोळ्याची दुर्बीण आणि जड तिपाई घ्यावी. तिरका डोळा अशासाठी की झोपून नेम धरताना मान न हलवता तिच्यात पाहता येतं. तिपाईवर हात आखडू नये, कारण वाऱ्यानं थरथरणाऱ्या तिपाईवर महागड्या काचेतूनही मिराज वाचता येत नाही.