माळ्यावरून उतरलेला हीटर

मुंबईत रूम हीटर म्हटलं की लोक हसतात. पण सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आणि राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांत जानेवारीच्या पहाटे तान्ह्या बाळाच्या अंघोळीला किंवा म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत तो हवासा वाटतो. मग माळ्यावरून काढतात, प्लग लावतात, आणि तो चालत नाही. उत्तरेकडचा हीटर वापरून झिजतो, आपला पडून राहून बिघडतो: वर्षभराची धूळ आणि चार महिन्यांचा पावसाळी दमटपणा. म्हणून दोष शोधायची सुरुवातही तिथूनच करावी.

त्याआधी मात्र भिंतीकडे बघा. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर करंट ओढतो. टीव्ही-मोबाइलचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. जाड पिनचा प्लग कन्व्हर्टर लावून तिथे बसवला, किंवा साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर घेतला, की पिना तापतात, प्लास्टिक वितळतं आणि दोष हीटरच्या माथी मारला जातो. हीटर १६ अँपिअरच्या सॉकेटलाच हवा. थंडीत बेडरूममधला एसीचा पॉइंट बहुधा रिकामाच असतो, तो वापरा. पिनांवर काळे डाग दिसले तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला; एकच बदलून उपयोग नाही, सैल राहिलेला दुसरा नव्यालाही जाळतो.

काहीच चालू होत नसेल तर हीटर सपाट फरशीवर सरळ ठेवा. बऱ्याच मॉडेलांच्या तळाशी एक बटण असतं. हीटर कलंडला की ते सुटून वीज तोडतं. गादीवर किंवा जाड सतरंजीवर ठेवला तरी ते नीट दाबलं जात नाही.

पंखा फिरतो पण हवा गार येते, ही तक्रार ब्लोअर हीटरची. आधी बटण नुसत्या पंख्यावर नाही ना, ते बघा. मग थर्मोस्टॅटचा नॉब. आपल्याकडच्या ‘थंडी’तही खोलीत बावीस-चोवीस अंश असतात, नॉब खालच्या आकड्यावर असेल तर खोली पुरेशी गरम आहे असं समजून तो कॉइलला वीज देतच नाही. ‘टक्’ आवाज येईपर्यंत नॉब वर फिरवा. मुंबईत निम्मे हीटर एवढ्यावरच दुरुस्त होत असावेत, असा माझा संशय आहे.

पाच मिनिटं चालून बंद पडतो, गार झाला की पुन्हा सुरू होतो? मग आतला कटआउट आपलं काम करतोय. त्यात दोन धातूंची जोडपट्टी असते. दोन्ही धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे तापली की पट्टी वाकते आणि संपर्क तोडते. ती तापते, कारण हवा अडलेली असते: जाळीत धूळ, पावसाळ्यात वर वाळत घातलेले कपडे, किंवा आखडून मंद फिरणारा पंखा. प्लग काढा, हीटर गार होऊ द्या, मऊ ब्रशने जाळी साफ करा. ओलं फडकं आत घालू नका. प्लग काढलेला असतानाच पातं बोटाने हलवून बघा. जड फिरत असेल तर मोटरच्या बुशला मशीनच्या तेलाचा एखादा थेंब पुरतो.

चालू करताच स्विच पडत असेल, तर कुठला पडला ते बघा. एमसीबी पडला तर जादा भार किंवा शॉर्ट. आरसीसीबी पडला तर वीज हीटरच्या अंगाकडे गळते आहे. हा ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाही तुटतो. ऑइलच्या रेडिएटरमध्ये नळीच्या एलिमेंटात मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी असते. ती दमट हवेतून ओल शोषते, आणि पावसाळ्यानंतरची गळती अनेकदा तीच असते. कोरड्या, हवेशीर जागी काही दिवस ठेवूनही स्विच पडतच राहिला, तर तो हीटर वापरू नका. आरसीसीबी वगळून चालवून बघणं तर मुळीच नको. तिसरी पिन तुटलेली असेल किंवा सॉकेटला अर्थिंग नसेल, तर हीच गळती हात लावणाऱ्याला झटका देते.

पुढचं काम मल्टीमीटरचं, म्हणजे इलेक्ट्रिशियनचं. तो प्लग काढून कॉइल मोजेल: १००० वॅटच्या कॉइलला साधारण ५३ ओहम, २००० ला २६ च्या आसपास. नायक्रोमचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून गार कॉइलवरचं मापही चालतं. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटली. ती पीळ देऊन जोडू देऊ नका. जोड तापून तिथेच पुन्हा तुटते.

कॉइल शाबूत असेल तर थर्मल फ्यूज उडालेला असेल. हा कटआउटसारखा परत जुळत नाही, एकदाच उडतो, आणि सोल्डरच्या उष्णतेनेही उडतो, म्हणून तो क्रिम्प करून बसवतात. ‘डायरेक्ट करून देतो’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. त्याच तापमानाचा नवा फ्यूज बसवायला सांगा आणि जुना कशामुळे उडाला ते विचारा. कारण सापडत नसेल, किंवा रेडिएटरमधून तेल गळत असेल, तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. हीटर ई-कचऱ्यात द्या आणि पुढचा घेताना आयएसआय खूण बघून घ्या.