लोणारला लाट का येत नाही?

ज्येष्ठातला वारा कितीही भणाणला तरी लोणारला कमळजा देवीच्या देवळापुढचं पाणी नुसतं थरथरतं. सरोवर ज्या विवरात आहे त्याचा काठ पाण्यापेक्षा शंभराहून अधिक मीटर उंच आहे, वारा तिथंच अडतो, हे एक कारण. खरी अडचण मात्र सरोवराच्या सव्वा किलोमीटर रुंदीत आहे. मोठ्या लाटेला जोरदार वारा लागतो, तो तासन्‌तास टिकावा लागतो आणि त्याच्यापुढे मोकळं पाणी लागतं. पहिल्या दोन गोष्टी इथं बुलढाणा जिल्ह्यात मिळतील; तिसरी कुठून आणायची?

ती उत्तर अटलांटिकात आहे. तिथल्या हिवाळी वादळांच्या लाटा नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर, उन्स्टाड गावापाशी येऊन फुटतात. दर 15 सेकंदांनी येणाऱ्या दोन लाटांमध्ये खोल समुद्रात साडेतीनशे मीटर अंतर असतं आणि असा लाटांचा ताफा दिवसाला हजारेक किलोमीटर कापतो. म्हणून फळीवरून लाटांवर स्वार होणारे सर्फर समुद्राआधी हवामानाचे नकाशे बघतात. माझ्या मते निम्मं सर्फिंग तिथंच होतं.

अशी लाट भूशिराशी आली, की उथळाकडचं टोक रेंगाळतं, खोलाकडचं पळत राहतं. मळणीच्या पातीत तिवड्याजवळचा बैल हळू चालतो आणि कडेचा धावतो, तशी ती वळते आणि एका टोकाकडून फुटत जाते. हाच पॉइंट ब्रेक. फुटत्या फेसाच्या जरा पुढे, अजून न फुटलेल्या उतारावर राहायचं, एवढाच खेळ. अख्खी लाट एकदम कोसळली तर तो संपलाच. वाळूचा तळ सरकतो. गोट्या-धोंड्यांचा सहसा हलत नाही, त्यामुळे लाट वर्षानुवर्षं ठरल्या जागी फुटते.

पण वादळं जोमात असतात तेव्हाच पाणी पाच-सहा अंशांवर असतं. अशा पाण्यात पहिल्या मिनिटाला श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. त्या क्षणी डोकं लाटेखाली असेल तर पाणीच आत जातं. मग बोटांतली ताकद जाते. यावर उपाय पाच-सहा मिलिमीटर जाडीचा निओप्रीनचा वेटसूट. तो पाणी पूर्ण अडवत नाही. त्याच्या रबरातले हवेचे बुडबुडे अंगातली ऊब धरून ठेवतात. ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञानं तो 1950च्या दशकात नौदलाच्या पाण्याखाली पोहणाऱ्या जवानांसाठी काढला होता.

उन्स्टाडला पहिली लाट पकडली ती 1963मध्ये, दोन नॉर्वेजियन तरुणांनी, घरी बनवलेल्या फळ्यांवर. सर्फिंग त्यांनी सिडनीत पाहिलं होतं, आणि फळ्या बनवल्या त्या बीच बॉइज या बँडच्या रेकॉर्डवर छापलेला फोटो बघून.