दोरा बदलला, कंडरा तीच

कोल्हापुरात खांदा दोन तऱ्हांनी फाटतो. एक तऱ्हा आखाड्यातली. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरीच्या तालमीत ताक-तेल-हळद घालून मळलेल्या लाल मातीत ढाक लागते, पैलवान हातावर आपटतो आणि ‘खांदा उतरला’ म्हणत बाहेर येतो. दुसरी तऱ्हा वयाची. साठीतल्या बाईला फळीवरचा डबा निघत नाही, रात्री त्या कुशीवर झोप लागत नाही. पैलवानाची कंडरा ओढून तुटलेली, बाईंची झिजून विरलेली. दोघांना एकच ऑपरेशन सांगणाऱ्याबद्दल मला जरा शंकाच येते.

दोघांचाही फाटतो तो रोटेटर कफ, म्हणजे खवाट्यावरून निघून दंडाच्या हाडाचा गोळा उथळ खोबणीत धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरा. सर्वांत जास्त फाटते ती वरची, सुप्रास्पायनेटस. शाहू महाराजांचं खासबाग मैदान उभं राहत होतं त्याच सुमारास, १९११ साली, बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी ती शिवल्याची हकिकत छापली. पद्धत सुताराला कळेल अशी: हाडाला भोकं पाडायची, त्यांतून दोरा ओवून कंडरा जागेवर बांधायची.

१९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीर यांनी कंडरेला घासणारं वरचं हाड तासण्याची रीत रूढ केली. ती जगभर चालली, बहुधा गरजेपेक्षा जास्त. कंडरा पूर्ण फाटलेली नसताना नुसतं हाड तासणं हे लुटुपुटीच्या ऑपरेशनपेक्षा फारसं सरस नाही, असं २०१८ च्या ब्रिटिश चाचणीत दिसलं.

पुढे दुर्बीण आली. पेन्सिलीएवढ्या छिद्रांतून हाडात दोरा ओवलेले खिळ्यासारखे अँकर रोवायचे आणि त्यांच्या दोऱ्यांनी कंडरा ओढून घ्यायची. आधी अँकरची एक ओळ, मग दोन. दुसरी ओळ कंडरा हाडावर चटईसारखी दाबून धरते. मोठ्या फाटीत ती टिकाऊ ठरते, लहान फाटीत रुग्णाला फरक क्वचितच जाणवतो. बिल मात्र अँकर मोजून वाढतं! पन्नाशीपुढच्या रुग्णांत उघडं ऑपरेशन आणि दुर्बीण यांची तुलना २०१७ मध्ये ब्रिटनमध्येच प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच बरे होते, आणि दोन्हींत बऱ्याच जणांची शिवण स्कॅनवर पुन्हा उसवलेली दिसली.

कंडरा शिवण्यापलीकडे गेली असेल, तर वयस्कांसाठी फ्रान्सच्या पॉल ग्रामों यांचा १९८५ चा उलटा सांधा आहे. गोळा खवाट्यावर, वाटी दंडावर. मग बाहेरचा डेल्टॉइड स्नायू एकटा हात उचलतो. पैलवानाच्या कामाचा तो नव्हे.

पद्धती बदलल्या, पण शिवलेली कंडरा हाडाला धरायला आजही पूर्वीइतकाच वेळ घेते. साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत, जोर लावायचा तो तीन महिन्यांनी, आखाडा सहा महिन्यांच्या आत नाहीच.

ताणाताणी इथे चालत नाही, पण चालढकलही नाही. तुटलेला स्नायू मागे आखडतो, त्यात चरबी भरते आणि ती चरबी शिवणीनं परत फिरत नाही. म्हणून वस्तादांना एवढंच सांगणं: आपटल्यावर पोराचा हात आपला आपण वर जात नसेल, तर महिनाभर मालीश करत बसू नका. त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि एमआरआय लागेल का, ते विचारा.