किटलीची गोष्ट आणि कोळशाचा हिशेब

मागच्या वेळी आपण पाणचक्क्यांपर्यंत आलो होतो. आज वाफ.

वाफ म्हटलं की जेम्स वॅटची किटली आठवते. झाकण थडथडलं आणि इंजिन सुचलं! आम्हीही शाळेत हेच ऐकलं. पण वॅटचा जन्म १७३६ चा. त्याच्या २४ वर्षं आधी, १७१२ मध्ये, इंग्लंडात डडलीजवळच्या कोळसा खाणीवर वाफेचं इंजिन पाणी उपसत होतं. ते बांधलं थॉमस न्यूकोमेननं. हा डार्टमथ गावचा लोखंडी सामानाचा व्यापारी.

त्या इंजिनात खरं काम वाफ करतच नव्हती. नीट पाहू. सिलिंडरमध्ये वाफ भरायची आणि मग आत थंड पाण्याचा फवारा सोडायचा. एक लिटर पाण्याची साधारण १,७०० लिटर वाफ होते. तिचं पुन्हा पाणी झालं की तेवढी जागा रिकामी. सिलिंडर वरून उघडा, त्यामुळे बाहेरची हवा दट्ट्याला खाली दाबते. दट्ट्या एका मोठ्या तुळईच्या टोकाला बांधलेला. हे टोक खाली गेलं की दुसरं वर जातं आणि पंपातून पाणी उचललं जातं. म्हणजे जोर हवेचा. वाफ फक्त जागा करून देते.

खोट इथेच होती. फवाऱ्यानं वाफेबरोबर सिलिंडरही गार व्हायचा. पुढच्या फेरीची बरीचशी वाफ तो पुन्हा तापवण्यातच जायची. कोळशाच्याच खाणीवर याचं कुणाला फारसं वाटत नसे. पण कॉर्नवॉलमध्ये खाणी कथिलाच्या आणि तांब्याच्या. कोळसा वेल्समधून जहाजानं यायचा. तिथे ही उधळपट्टी मालकाच्या खिशाला लागायची.

१७६३-६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकोमेन इंजिनचं एक छोटं मॉडेल दुरुस्तीसाठी वॅटकडे आलं. तो तिथे उपकरणं बनवायचा. मॉडेल चार-दोन फेऱ्या मारून बंद पडे. का? लहान भांड्यातला चहा लवकर निवतो, तसंच. आकार लहान झाला की आतल्या वाफेच्या मानानं धातूचा पृष्ठभाग जास्त. मोठ्या इंजिनात दबून राहिलेली खोट मॉडेलनं उघडी पाडली. वॅट मोजमापं करत बसला, आणि १७६५ मध्ये एका रविवारी ग्लासगो ग्रीनवर फिरताना त्याला उपाय सुचला: वाफ थंड करायची ती वेगळ्याच भांड्यात. सिलिंडर कायम गरम, कंडेन्सर कायम थंड.

पेटंट १७६९ चं. १७७५ मध्ये संसदेनं त्याची मुदत १८०० पर्यंत वाढवली, आणि त्याच वर्षी वॅट आणि मॅथ्यू बोल्टन यांची भागीदारी झाली. न्यूकोमेनच्या इंजिनच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या एक-तृतीयांश किंमत ते घ्यायचे. ऐकायला रास्त आहे. पण खाणमालकांना हे वर्षानुवर्षं द्यावं लागलं, आणि ते कुरकुरू लागले. जोनाथन हॉर्नब्लोअरनं दोन सिलिंडरांचं इंजिन काढलं, तर पेटंटच्या जोरावर त्याची वाट अडवली गेली. आमच्या मते वॅटचा शोध मोठाच, पण त्या २५ वर्षांत इतरांचे हात बांधले गेले हेही तितकंच खरं.

जास्त दाबाच्या वाफेला वॅटचा विरोध होता. बॉयलर फुटेल ही त्याची भीती. ती खोटी नव्हती. १८०३ मध्ये ग्रिनिचला रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या एका इंजिनचा बॉयलर फुटला आणि माणसं दगावली. पण याच कॉर्नवॉलच्या ट्रेव्हिथिकनं पुढच्याच वर्षी वेल्समध्ये रुळांवरच्या इंजिननं १० टन लोखंड आणि ७० माणसं नऊ मैलांहून जास्त ओढून नेली. दाब जास्त, म्हणून इंजिन लहान. आणि लहान, म्हणून चाकांवर चढवता आलं.

खाणींचं पुढे काय झालं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. १८११ पासून कॉर्नवॉलमध्ये दर महिन्याला एक छापील अहवाल निघू लागला. कोणत्या खाणीवरच्या इंजिननं ठरावीक मापाच्या कोळशात किती पाणी किती उंच चढवलं, हे त्यात इंजिनवार दिलेलं असे. काम जोएल लीन या खाण-व्यवस्थापकाचं. कुणाचं इंजिन सरस, कुणाचं मागे, हे सगळ्यांसमोर. शेजारच्या खाणीवर काय बदल केला ते बघायचं आणि आपल्याकडे लावायचं. तीसेक वर्षांत तिथल्या इंजिनांची सरासरी कामगिरी सुमारे तिप्पट झाली, आणि या काळात तिथल्या इंजिनिअरांनी पेटंटं फारच थोडी घेतली.