एक्सप्लेनर : वीस माणसे, आठ किलो वांगी आणि एकच छोटी शेगडी, गच्चीवरची भरीत पार्टी फसते कुठे?

जळगाव : थंडी पडली की खान्देशात भरीत पार्ट्यांचे बेत सुरू होतात. पूर्वी हा बेत शेतातच व्हायचा. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा मोठा ढीग पेटवायचा, त्यात पन्नास-शंभर वांगी एकाच वेळी भाजायची आणि तिथेच पंगत बसवायची. आता जळगाव शहराचा भाग झालेल्या पिंप्राळ्यासारख्या ठिकाणी शेतांच्या जागी कॉलन्या आणि अपार्टमेंट आली आहेत. भरीत शेतातून गच्चीवर आले आणि काड्यांच्या ढिगाऐवजी दीड फुटाची कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू ग्रिल आले.

पाहुणे मात्र तेवढेच आहेत. मग रात्री नऊ वाजले तरी निम्मी वांगी कच्ची, बाहेरून कोळसा आणि आतून पांढरी, अशी गत होते. घाईत कोळसा वाढवला जातो, वारा घातला जातो आणि वांगी आणखी करपतात. असे का होते आणि छोट्या शेगडीवर वीस जणांचे भरीत वेळेत कसे करायचे, जाणून घेऊया.

आधी वांग्याविषयी

भरताचे वांगे रोजच्या भाजीच्या वांग्यापेक्षा वेगळे असते. फिकट हिरवे, त्यावर पांढरट पट्टे, आकाराने मोठे, बिया कमी आणि गर भरपूर. यावल तालुक्यातील बामणोद आणि जळगावजवळचे असोदा ही गावे या वांग्यांसाठी ओळखली जातात. ‘जळगाव भरीत वांगी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय टॅग मिळाला.

चातुर्मासात अनेक घरांत वांगे वर्ज्य असते. मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला जातो. त्याच सुमारास बाजारात भरताची वांगी भरपूर येतात आणि पार्ट्यांनाही जोर येतो. डिसेंबर २०१८ मध्ये जळगावच्या सागर पार्कवर शेफ विष्णू मनोहर यांनी अडीच हजार किलोचे भरीत केले होते. तिथे जागा आणि जाळ दोन्ही मोठे होते. घरच्या पार्टीत अडचण येते ती नेमकी या दोन गोष्टींची.

जाळ वाढवला तरी वांगे लवकर का शिजत नाही?

वांग्यात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. आठ किलो वांगी २० अंशांवरून ९५ अंशांपर्यंत तापवायला साधारण अडीच मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक किलो लाकडी कोळशात २८ ते ३० मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे कागदावरच्या हिशेबाने शंभर ग्रॅम कोळसाही पुरे. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेत जाते आणि काही पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. अडचण कोळशाच्या कमतरतेची नाही, उष्णता वांग्याच्या मधोमध पोहोचायला लागणाऱ्या वेळेची आहे.

वांग्याचा कच्चा गर स्पंजासारखा असतो. त्यात हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि हवा उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही. गोधडीत ऊब टिकते, त्यामागे हेच कारण आहे. गर शिजून खाली बसला, पाणी सुटले आणि आत वाफ फिरू लागली की मग शिजण्याचा वेग वाढतो. तोपर्यंत बाहेर कितीही जाळ केला तरी आतला वेग फारसा बदलत नाही. साल तेवढी जळते.

दुसरा नियम जाडीचा. जाडी दुप्पट झाली की उष्णता मध्यापर्यंत पोहोचायला साधारण चौपट वेळ लागतो. पाच सेंटीमीटर जाडीचे वांगे दहा मिनिटांत होत असेल, तर दहा सेंटीमीटरचे वीस मिनिटांत होईल हा अंदाज चुकतो. त्याला चाळीस मिनिटेही लागू शकतात. अख्खी मटणाची रान किंवा परदेशात नाताळला भाजली जाणारी टर्की छोट्या ग्रिलवर करताना हीच अडचण येते. तिथेही उपाय मोठ्या जाळाचा नसतो. आधी थेट आच, मग बाजूची मंद आच आणि वर झाकण, अशी पद्धत असते. भरतालाही तीच लागू पडते.

वीस जणांचा हिशेब

भरीत हाच मुख्य पदार्थ असेल तर माणशी साधारण ४०० ग्रॅम कच्ची वांगी धरावीत. साल, देठ आणि वाफ होऊन उडालेले पाणी वजा जाता गर बराच कमी उरतो. वीस जणांना आठ किलो, म्हणजे अर्ध्या किलोची सोळा वांगी.

आता शेगडी. ४५ बाय ३० सेंटीमीटरच्या जाळीवर अशी सहा वांगी बसतात. दोन वांग्यांत दोन बोटांचे अंतर हवे, नाहीतर हवा खेळत नाही, कोळसा मंदावतो आणि वांग्यांच्या बाजू कच्च्या राहतात. सोळा वांग्यांना तीन खेपा. एका खेपेला अर्धा तास धरला तर दीड तास.

वांगी खरेदी करताना एकसारख्या जाडीची निवडावीत. एका खेपेत तीनशे ग्रॅमचे आणि आठशे ग्रॅमचे वांगे एकत्र आले की एक करपते किंवा दुसरे कच्चे राहते. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलके लागणारे, तुकतुकीत सालीचे वांगे चांगले. जड वांग्यात बिया जास्त निघतात.

भाजण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने

१. कोळसा पेटल्यावर लगेच वांगी ठेवू नयेत. कोळशावर राखेचा करडा थर दिसू लागला की आच स्थिर झाली असे समजावे. जाळीच्या वर वीतभर उंचीवर तळहात तीन-चार सेकंदच धरवला तर आच पुरेशी आहे.

२. कोळसा जाळीखाली सगळीकडे पसरू नये. दोन तृतीयांश भागात कोळसा ठेवावा, एक तृतीयांश भाग मोकळा ठेवावा. भरल्या बाजूला साल भाजायची आणि मोकळ्या बाजूला आतून शिजू द्यायचे.

३. प्रत्येक वांग्याला सुरीच्या टोकाने तीन-चार ठिकाणी टोचावे. आत वाफ कोंडली तर वांगे फुटते आणि गरम गर अंगावर उडू शकतो. मात्र चिरून दोन भाग करू नयेत. रस गळतो आणि गरात राख जाते.

४. पहिली पंधरा मिनिटे थेट आचेवर दर तीन-चार मिनिटांनी फिरवावे. सगळीकडून साल काळी झाली की वांगे मोकळ्या बाजूला सरकवावे आणि वर पातेले उपडे घालावे. झाकणाखाली गरम हवा आणि धूर दोन्ही अडतात. जस्ताचा मुलामा असलेले घमेले यासाठी वापरू नये. लोखंडी किंवा स्टीलचे भांडे चालते.

५. देठालगतचा भाग सर्वांत शेवटी शिजतो. तिथे सळई घालून पाहावी. लोण्यात गेल्यासारखी गेली तर वांगे झाले. अडकली तर अजून वेळ आहे.

६. शेगडीवरून उतरवलेली वांगी झाकणाच्या डब्यात किंवा पातेल्यात पंधरा मिनिटे ठेवावीत. आतली उष्णता मधल्या भागाचे उरलेले काम करते आणि साल सुटी होते. तेवढ्या वेळात शेगडीवर पुढची खेप चढलेली असते. छोट्या शेगडीवर वेळ वाचतो तो इथेच.

७. दोन खेपांच्या मध्ये कच्चा कोळसा टाकू नये, आच एकदम खाली येते. बाजूला वेगळ्या पत्र्यात थोडा कोळसा पेटवून ठेवावा आणि तो पेटलेलाच घालावा. दीड तासासाठी दोन ते अडीच किलो कोळसा हाताशी असावा.

काड्यांची चव कोळशाला कशी येणार?

कोळशात धूर कमी असतो. खान्देशी भरताला जी चव येते, ती बरीचशी कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांच्या धुराची असते. शेगडीवर काड्यांचा भडका करता येत नाही, पण वीतभर लांबीचे सात-आठ कोरडे तुकडे झाकण घालण्याच्या वेळी कोळशावर टाकता येतात. धूर झाकणाखाली अडतो आणि सालीवर घातलेल्या छिद्रांतून गरात उतरतो. ओल्या काड्या नकोत, त्यांचा धूर कडवट लागतो.

शेतातून काड्या आणल्या तर लागतील तेवढ्याच आणाव्यात. कपाशीच्या काड्यांत आणि वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहू शकते. म्हणून हंगाम संपल्यावर त्या शेताजवळ साठवू नयेत, असा सल्ला कृषी विभाग देतो.

वांगी अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळली तर ती शिजतात, पण वाफेवर. धूर लागत नाही. तसेच साल काढताना वांगे नळाखाली धरू नये. धुराची चव पाण्याबरोबर निघून जाते. हात पाण्यात बुडवून साल काढावी, वांगे नाही.

शेवटच्या कोळशाचा उपयोग

तिसरी खेप उतरली की आच मंद झालेली असते. त्यावर हिरव्या मिरच्या भाजून घ्याव्यात. लसणासोबत त्या ठेचाव्यात. गरही मिक्सरमध्ये फिरवू नये, त्याची पेस्ट होते. लाकडी भांड्यात मुसळीने ठेचला की गराचे धागे राहतात. मग तेलात शेंगदाणे, मिरची-लसणाचा ठेचा, कांद्याची पात आणि शेवटी कोथिंबीर. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी किंवा पुरी.

साडेआठच्या पंगतीचे वेळापत्रक

- ५.३० : कोळसा पेटवणे
- ६.०० : पहिली खेप
- ६.३० : दुसरी खेप, पहिली झाकून ठेवणे
- ७.०० : तिसरी खेप, पहिलीची साल काढणे
- ७.३० : मिरच्या भाजणे, उरलेली साल काढणे
- ८.०० : ठेचणे आणि फोडणी
- ८.३० : पंगत

साल काढायला दोन-तीन माणसे हवीत. सोळा वांगी एकट्याने सोलायला घेतली तर वेळापत्रक इथेच कोलमडते.

सर्वांत महत्त्वाचे : शेगडी घरात आणू नका

जळगावात थंडीच्या दिवसांत पारा दहा अंशांच्या खाली जातो. जेवण झाल्यावर निखारे अजून लाल आहेत म्हणून शेगडी शेकायला खोलीत आणण्याचा मोह होतो. यात जिवाला धोका आहे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. धूर दिसत नाही म्हणजे वायू नाही, असे समजू नये. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही तो निघतो. झोपेत असलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही.

काचा लावून बंद केलेली गॅलरी, जिना आणि इमारतीखालचे पार्किंग या जागाही टाळाव्यात. पार्किंगमध्ये गाड्यांच्या टाक्यांत पेट्रोल असते. गच्चीवरही शेगडी पाण्याच्या प्लास्टिक टाकीपासून, सोलर पॅनलपासून आणि तारांपासून दूर ठेवावी. खाली विटांचा थर द्यावा, शेजारी वाळूची बादली असावी आणि मुलांना लांब बसवावे.

डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे अशी लक्षणे शेगडीजवळच्या एकापेक्षा जास्त जणांना एकदम जाणवली तर ते जागरण किंवा अपचन समजू नये. सगळ्यांना लगेच मोकळ्या हवेत न्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पार्टी संपल्यावर निखाऱ्यांवर पाणी किंवा वाळू टाकून ते पूर्ण विझवावेत आणि शेगडी रात्रभर गच्चीवरच राहू द्यावी. राख दुसऱ्या दिवशी, हात लावून थंड असल्याची खात्री झाल्यावरच कचऱ्यात टाकावी.