जुना कॅमेरा पारखताना

बंगळूरच्या कोरमंगला भागातून आग्नेय दिशेला सर्जापूर गावाकडे जाणारा रस्ता म्हणजे सर्जापूर रोड. विप्रो कंपनीचे मुख्यालय याच रस्त्यावर दोड्डकन्नेल्ली येथे आहे. संगणक-उद्योगातील नोकरीसाठी देशभरातून आलेली माणसे या परिसरात राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. येथे प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये कॅमेरा असतो. तरीही फिल्मचा जुना कॅमेरा घ्यावा, अशी हौस काही तरुणांना वाटते. हौस चांगलीच आहे. मात्र चाळीस-पन्नास वर्षांचे यंत्र घेताना नवखा माणूस त्याच्या बाह्य रूपाला भुलतो. चकचकीत धातू आणि चामड्याचे आवरण पाहून पैसे दिले जातात आणि घरी येते ती केवळ कपाटात ठेवण्याची वस्तू.

खरेदीपूर्वी आप्तांच्या घरी चौकशी करणे शहाणपणाचे ठरते. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कारखान्यात तयार झालेला आग्फा क्लिक-३ हा साधा कॅमेरा एके काळी अनेक मध्यमवर्गीय घरांत होता. त्याला लागणारी १२० क्रमांकाची फिल्म आजही मिळते आणि एका रोलवर बारा चित्रे निघतात. छायाचित्रण शिकू इच्छिणाऱ्याला मात्र वेग आणि प्रकाश स्वतः ठरवता येतील असा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा अधिक उपयोगी पडतो. १९७६ साली बाजारात आलेला पेंटॅक्स के-१००० हा त्याचा उत्तम नमुना होय. त्याचे शटर पूर्णपणे यांत्रिक आहे. बॅटरी लागते ती फक्त प्रकाशमापकाला. याउलट याशिका इलेक्ट्रो-३५ हा देखणा कॅमेरा शटरसाठीही बॅटरीवर अवलंबून असतो. पहिल्या खरेदीला यांत्रिक कॅमेराच बरा, कारण त्याचा दोष डोळ्यांना दिसतो आणि कानांना ऐकू येतो.

पारख भिंगापासून सुरू करावी. भिंगाच्या एका बाजूने विजेरीचा प्रकाश टाकून दुसऱ्या बाजूने तिरपे पाहिले असता आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले, तर ती बुरशी समजावी. मुंबई-कोकणातील दमट हवेत, चामड्याच्या पिशवीत वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या कॅमेऱ्याला ती हमखास ग्रासते. वरवरची बुरशी कारागीर पुसून काढू शकतो. काचेवरील लेप तिने खाल्ला असेल, तर तो परत येत नाही. धुळीचे चार कण मात्र निरुपद्रवी असतात.

त्यानंतर शटर. मागचे झाकण उघडून एक सेकंदाच्या वेगावर कळ दाबावी. पडदा मध्येच अडखळला, तर आतील वंगण सुकले आहे. सर्वांत जलद वेगावर उजेडाकडे पाहिले असता संपूर्ण चौकट उजळली पाहिजे. एक कडा काळी राहिली, तर चित्राची तीच कडा काळी येईल. सोव्हिएत संघात बनलेल्या झेनिट-ई या कॅमेऱ्यात एक सेकंदाचा वेग मुळातच नाही, तेव्हा तो न सापडल्यास दोष मानू नये. झाकणाच्या कडेचा स्पंज चिकट झालेला असणे ही नित्याची गोष्ट असून तो थोड्या खर्चात बदलता येतो. बॅटरीच्या कप्प्यातील हिरवट थर मात्र अधिक गंभीर, कारण क्षार आतल्या तारांपर्यंत पोहोचलेले असू शकतात.

विक्रेता एवढी तपासणी करू देत नसेल, तर नम्रपणे दुकान सोडावे. पसंत पडल्यास एक रोल वापरून पाहण्याची आणि दोष निघाल्यास परत करण्याची मुदत मागून घ्यावी. हा रोल सर्जापूर रोडवरील कैकोंड्रहळ्ळी तळ्याच्या काठी सकाळी काढता येईल. पाणी, सावली आणि आकाश एकत्र असल्याने तेथे यंत्राची चांगली कसोटी लागते. प्रत्येक चित्राचा वेग वहीत टिपून ठेवावा. खरा खर्च येथूनच सुरू होतो. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म कधीच बंद झाली. आता बहुतेक फिल्म परदेशातून येते आणि महाग पडते. छत्तीस चित्रांचा रोल विचारपूर्वक वापरावा लागतो तो यामुळेच.

एक गोष्ट मात्र झाकण उघडण्याच्याही आधी करायची असते. कॅमेऱ्याच्या डाव्या टोकाची फिल्म गुंडाळण्याची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवावी; ती जड लागली, तर आत फिल्म आहे. क्लिक-३ मध्ये मागच्या लहान तांबड्या खिडकीत आकडा दिसतो. अशा वेळी झाकण उघडू नये. फिल्म पूर्ण गुंडाळून घ्यावी आणि धुण्यास द्यावी. तिच्यावर एखाद्या कुटुंबाने कधीच न पाहिलेला स्वतःचा चेहरा असू शकतो.