दुर्बिणीतला चंद्र घरच्या पडद्यावर

नाशिकला द्वारका नावाचा मोठा चौक आहे. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता तिथे मिळतात. रात्रभर गाड्या धावतात. दिव्यांचा लखलखाट असतो. त्या उजेडात बारीक चांदण्या दिसत नाहीत. पण चंद्र, गुरू, शनी दिसतात. ते तेजस्वी आहेत ना! म्हणून अशा ठिकाणच्या गच्चीवरूनही त्यांचे फोटो काढता येतात.

त्याला काय लागते? एक दुर्बीण, एक संगणक आणि एक वेबकॅम. वेबकॅम म्हणजे संगणकाला जोडायचा लहानसा कॅमेरा. परगावच्या मुलाशी समोरासमोर बोलायला वापरतात, तोच.

आधी कॅमेऱ्याचे पुढचे भिंग काढायचे. मग दुर्बिणीत डोळा लावतो तिथले भिंग काढायचे आणि त्या जागी कॅमेरा बसवायचा. आता दुर्बीण हेच कॅमेऱ्याचे मोठे भिंग झाले. चंद्र संगणकाच्या पडद्यावर दिसू लागतो.

पण हे काय? चंद्र थरथरतो आहे! दुर्बीण बिघडली का? नाही. नदीच्या तळाचा खडा वाहत्या पाण्यातून कसा दिसतो? घडीत स्पष्ट, घडीत पुसट. आपल्या डोक्यावरची हवाही तशीच हलते. तिच्यातून चंद्र बघायचा म्हणजे तो हलणारच.

यावर युक्ती आहे. वेबकॅम सेकंदाला ३० चित्रे घेऊ शकतो. म्हणजे मिनिटाला १,८०० झाली. त्यांतली काही हवा शांत असतानाची असतात. सुपात धान्य पाखडावे, तशी संगणक चित्रे पाखडतो. पुसट टाकतो, स्पष्ट ठेवतो.

मग ती चित्रे तो एकावर एक बरोबर जुळवून बसवतो. कशासाठी? खळ्यावरच्या राशीचा अंदाज एकजण जास्त सांगतो, एकजण कमी. दहाजणांचा मध्य काढला, तर तो खऱ्याच्या जवळ येतो. तसेच हे. एका चित्रातली चूक दुसऱ्याने भरून निघते. चंद्रावरचे खड्डे रेखीव दिसतात.

पूर्वी हे इतके सोपे नव्हते. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला गेले. तिथे त्यांनी ग्रहणाचे फोटो काचेच्या पाट्यांवर घेतले. खग्रास अवस्था फक्त दोन मिनिटांच्या आसपास होती. तेवढ्यात जे साधेल ते खरे! आज आपण चंद्राची हजारो चित्रे घेतो आणि हवी ती निवडतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नका. डोळा क्षणात जाईल. गेलेला डोळा परत येत नाही. मुलांनाही हे बजावून सांगा.

दुर्बिणीला एका वेळी एकच माणूस डोळा लावू शकतो. पडद्यावर मात्र सारी आळी एकदम बघते. म्हाताऱ्या आजीलाही वाकावे लागत नाही. ज्या शनीला आपण भितो, त्याच्याभोवतीचे कडे तिने बसल्या जागी बघावे. मग तिलाच विचारावे, कसा वाटला शनी?